गोल सारखे झाले, म्हणजे चुरस नव्हती?

पापुआ न्यू गिनीतल्या फुटबॉलबद्दलचा एक मजकूर व्हॉट्सअ‍ॅपवर अधूनमधून फिरत असतो. आशय असा: तिथले आदिवासी दोन्ही संघांचे गोल सारखे होईपर्यंत खेळतात, त्यांना जिंकणं-हरणं ठाऊकच नाही, खिलाडूवृत्ती आदिवासींच्या रक्तातच असते, आणि आपण शिकलेले लोक मात्र एकमेकांचे पाय ओढतो.

पहिली गोष्ट खरी आहे. तिथल्या गोरोका भागातल्या गहुकु-गामा लोकांमध्ये 1950च्या सुमारास राहिलेल्या केनेथ रीड या मानववंशशास्त्रज्ञाने ती नोंदवली आणि 1962 साली क्लोद लेव्ही-स्ट्रॉस या फ्रेंच मानववंशशास्त्रज्ञाने उल्लेख केल्यावर ती जगभर गेली. म्हणजे हे एका समाजाचं, एका काळातलं निरीक्षण आहे.

पण 'जिंकणं-हरणं ठाऊकच नाही' हे कुठून आलं? ज्यांना हार-जीत कळत नाही, ते दिवसेंदिवस गोलांचा हिशेब कशाला ठेवतील? समोरासमोर येणाऱ्या गटांमध्ये जुनी वैरं होती. तेव्हा तिथे राज्य करणाऱ्या ऑस्ट्रेलियन प्रशासनाने त्यांच्या लढाया बंद पाडल्या, त्याला फार वर्षं झाली नव्हती; फुटबॉल त्या लढायांच्या जागी आला. खेळ चांगलाच आक्रमक असे. मागे पडलेला संघ बरोबरी साधायला जिवाचं रान करी आणि आता पुरे, हे ज्येष्ठ मंडळी ठरवत. आघाडी म्हणजे थकलेली उधारी, असंच काहीसं ते गणित मला दिसतं. डुकरांच्या देवाणघेवाणीतही घेतलं तेवढं परत करायचं, हा तिथला दंडक होताच. बरोबरी ही दोन प्रतिस्पर्ध्यांनी घाम गाळून केलेली तडजोड होती. तिच्यामागे विचार होता. भोळेपणा म्हटलं की तो विचारच पुसला जातो.

'आदिवासी' हा सरसकट शब्द तर त्याहून वाईट. झारखंडमध्ये सिमडेगा, गुमला भागात गावोगाव खस्सी टूर्नामेंट होतात. जिंकणाऱ्याला बोकड मिळतो आणि त्यासाठी चुरशीने खेळलं जातं. तिथे अनिर्णित सामन्याचं कौतुक सांगून बघा! ब्राझीलच्या पारा राज्यातला गाव्हियाओ क्यिकातेजे हा आदिवासी संघ 2014 साली राज्याच्या वरच्या व्यावसायिक श्रेणीत उतरला, तोही गुण मिळवायलाच.

'रक्तात' या शब्दाचं उत्तर संशोधनातून मिळतं. 1980च्या दशकात ब्रेंडा ब्रेडेमायर आणि डेव्हिड शील्ड्स या संशोधकांनी अमेरिकन विद्यार्थ्यांना नैतिक पेच घातले, काही रोजच्या जगण्यातले, काही मैदानातले. तीच मुलं मैदानातल्या पेचावर अधिक स्वार्थी अंगाने विचार करत होती. खेळात तेवढं चालतं, असं मानून. एकाच माणसाचा न्यायविचार जागा बदलली की बदलत असेल, तर तो अख्ख्या जमातीच्या रक्तात कसा शोधायचा? शिवाय आज ज्याला 'रक्तातली खिलाडूवृत्ती' म्हणायचं, त्यालाच उद्या 'उपजत चपळाई आहे, पण डावपेच जमत नाहीत' असं सुनावलं जातं. गुमलाच्या अष्टम उरांव या आदिवासी मुलीने 2022च्या सतरा वर्षांखालील महिला विश्वचषकात भारताचं नेतृत्व केलं. कर्णधाराचं काम उपजत चपळाईवर भागत नाही.

राहिलं 'आपण शिकलेले, ते निरागस'. चार्ल्स पर्किन्स हे ऑस्ट्रेलियातले आदिवासी फुटबॉलपटू. सिडनीतल्या पॅन-हेलेनिक या ग्रीक स्थलांतरितांच्या क्लबकडून खेळून मिळणाऱ्या पैशांवर ते विद्यापीठात शिकले आणि 1966 साली पदवीधर झाले. त्याच्या आदल्या वर्षी ते विद्यार्थ्यांची बस घेऊन न्यू साउथ वेल्सच्या गावांतून फिरले. मोरी गावातल्या सार्वजनिक पोहण्याच्या तलावात आदिवासींना मज्जाव होता. पर्किन्स आदिवासी मुलांना घेऊन तलावाच्या दाराशी गेले आणि शिव्या, अंडी, टोमॅटो झेलत तिथेच उभे राहिले.