राजदूतांवर व्याख्यान ठोकायचंय? मग हे वाचाच

‘अमेरिकेचे भारतातले राजदूत : एक दृष्टिक्षेप’ असा विषय कुणी गळ्यात मारला तर अजिबात घाबरू नका. वाचायची तर बिलकुल गरज नाही, मोबाईलवर यादी मिळते, वरून खाली वाचत सुटायचं. परवा एका व्याख्यानमालेत आम्ही नेमकं हेच ऐकून आलो, त्यातनं जे काही शिकलो ते लोककल्याणासाठी इथे देतोय.

सुरुवात १९४७ च्या हेन्री ग्रेडींपासून. नाव, साल, पुढचा. लोक जांभया द्यायला लागले की समजायचं, भाषण अभ्यासपूर्ण होतंय.

चेस्टर बोल्स दोनदा येतात, १९५१ ला आणि परत १९६३ ला. दोन्ही वेळा ‘भारताचे सच्चे मित्र’ म्हणा. तसं ते सगळ्यांनाच म्हणायचं असतं.

गालब्रेथ आले की मात्र जरा रेंगाळा. सहा फूट आठ इंच उंची, नेहरूंशेजारचा फोटो, सभागृह हसतं, तुमची दहा मिनिटं गेली. १९६२ च्या ऑक्टोबरात केनेडींचा जीव क्युबात अडकलेला असताना हा माणूस दिल्लीत बसून चीनचं युद्ध कसं निभावत होता, आणि पुढच्याच महिन्यात नेहरूंनी लढाऊ विमानं मागणारी पत्रं केनेडींना धाडली ती वॉशिंग्टनमधले आपले राजदूत बी. के. नेहरू यांच्या हातातून गेली, असल्या भानगडीत पडलात तर लोक विचार करायला लागतील आणि बाहेर चहा गार होईल.

१९७१ साठी एकच वाक्य पुरतं : ‘तेव्हा संबंध थोडे ताणले होते.’ ढाक्यात कत्तल चाललीय हे केनेथ कीटिंग दिल्लीतनं स्वतःच्याच सरकारला कळवत होते आणि तिकडे निक्सन-किसिंजर त्यांनाच शिव्या घालत होते, त्याचा राजदूत या विषयाशी काय संबंध?

मॉयनिहन म्हणजे टाळ्यांची जागा. ‘१९७४ साली अमेरिकेनं भारताला १६६४ कोटींचा चेक भेट दिला’ असं ठोकून द्यायचं. पैसा आला कुठनं हे विचारायचं नाही. अहो, पीएल ४८० या अमेरिकेच्या धान्य-मदत कायद्याखाली जो गहू आपण घेतला त्याचे रुपये आपणच मोजले होते, ते अमेरिकेच्या नावावर इथेच साचत गेले आणि त्यातला मोठा हिस्सा त्यांनी सोडून दिला, एवढंच. १९६० चा गव्हाचा मोठा करार तर मुंबईच्या स. का. पाटलांनी अन्नमंत्री म्हणून वॉशिंग्टनला जाऊन केलेला. समोरच्या खुर्च्यांवर रेशनच्या लाल मिलोच्या, म्हणजे अमेरिकन ज्वारीच्या भाकऱ्या गिळून मोठी झालेली माणसं बसलेली असतात, त्यांना ‘भेट’ म्हणून सांगायचं, आणि तीच टाळ्या वाजवतात.

आता सगळ्यात महत्त्वाचं. १९७७ ते ८० मधला राजदूत सरळ गाळायचा. आमच्या वक्त्यांनी गाळला. रॉबर्ट गोहीन. जन्म १५ ऑगस्ट १९१९, गाव वेंगुर्ला. हो, आपलंच वेंगुर्ला! आईवडील मिशनरी, वडील डॉक्टर. हा पोरगा पुढे प्रिन्स्टन विद्यापीठाचा अध्यक्ष झाला, त्याच्या काळात १९६९ ला तिथे मुलींना प्रवेश मिळाला, आणि मग राष्ट्राध्यक्ष कार्टरनी त्याला राजदूत म्हणून परत इकडे पाठवला. आणि आला तो कुठल्या भांडणात? तारापूरच्या! अणुइंधन अमेरिकेचं, वीजकेंद्र आपल्या पालघरकडचं, मोरारजी सगळ्या अणुकेंद्रांची तपासणी मान्य करेनात, १९७८ च्या जानेवारीत कार्टर दिल्लीत आले तेव्हा माइक चालू आहे हे न कळून स्वतःच्या परराष्ट्रमंत्र्यांना बोलून गेले की घरी गेल्यावर यांना चांगलं थंड, रोखठोक पत्र लिहू, तेव्हा वॉशिंग्टनला आपले राजदूत कोण तर मुंबईचे नानी पालखीवाला, आणि शेवटी १९८० ला ३८ टन इंधनाचा प्रश्न सिनेटमध्ये ४८ विरुद्ध ४६ असा दोन मतांनी सुटला! याच्यावर अख्खं व्याख्यान होतं राव, आणि तुम्ही अख्खा माणूसच खाल्लात.

प्रश्नोत्तरात हात वर करून हे विचारलं तर वक्ते गोड हसून म्हणाले, ‘छान माहिती आहे, पण जरा विषयाला सोडून.’ लगेच आभार मानणाऱ्यानं माइक ओढला.

हां, अलीकडचं कुणी विचारलं तर एरिक गार्सेटी सांगा. ते २०२३ ला येईपर्यंत दिल्लीत दोन वर्षांहून जास्त काळ अमेरिकेचा कायमचा राजदूतच नव्हता, हे कुणाच्या लक्षात आलेलं नाही, तुम्हीही आणून देऊ नका.

बस झाली थट्टा. विषयाला सोडून काय हो? राजदूतांवर बोलताना राजदूत विषयाला सोडून? मग विषय काय होता, गालब्रेथची उंची? शाल घेता, नारळ घेता, पाकीट घेता, मग दोन संध्याकाळी वाचनालयात बसायला काय होतं? राजदूत दिल्लीशी कशावरनं भांडला आणि स्वतःच्या साहेबाशी कशावरनं, एवढं तरी बघून यायचं. नसेल जमत तर नाही म्हणून सांगा, दुसरा माणूस मिळतो. आणि आयोजकांनो, सत्काराला अर्धा तास आणि प्रश्नांना पाच मिनिटं हेच चालू ठेवणार असाल, तर पुढच्या वर्षी पत्रिकेवरचं ‘प्रश्नोत्तरे’ तेवढं खोडून टाका.