ऋणको स्पीकरवर आहे

माझ्या फोनचा कानाशी धरायचा स्पीकर महिन्यापूर्वी गेला. दुरुस्तीसाठी बाजूला काढलेले पैसे क्रेडिट कार्डाच्या मिनिमम ड्यूने, म्हणजे दरमहा भरावीच लागणाऱ्या किमान रकमेने, गिळले, त्यामुळे हल्ली मला आलेला फोन आसपासच्या सगळ्यांना येतो. काल दातांच्या डॉक्टरकडे गाल धरून बसलो होतो, तेव्हा वसुलीवाल्याचा आला. दोनदा कट केला. तिसऱ्यांदा वाजला तसे शेजारचे काका म्हणाले, "घ्या हो. कुणी आजारी असेल."

घेतला.

"सर, पेमेंट अजून पेंडिंग दिसतंय. कधी करताय?"

बसलेल्या सगळ्यांची दुखणी थांबली. "मीटिंगमध्ये आहे," मी दबक्या आवाजात म्हणालो, आणि आतून ड्रिलची घरघर सुरू झाली.

"कसली मीटिंग, सर?"

काकांनी वर्तमानपत्राची घडी घातली. "किती थकलंय?" हे मला नव्हे, थेट फोनला. फोननेही सांगून टाकलं, अगदी पैशांपर्यंत! माझी माहिती किती गोपनीय ठेवली जाते याचं लांबलचक पत्रक याच बँकेने मला पाठवलेलं आहे.

"व्याज?"

"महिना ३ टक्के, काका."

काका! दीड मिनिटात नातं जुळलं. मी मात्र इतकी वर्षं व्याज भरून 'सर'च.

काकांनी माझ्या हातातली नंबराची चिठ्ठी काढून घेतली, उलटी केली आणि मांडीवर गणित मांडलं. "महिना ३ म्हणजे वर्षाला ३६ असं समजतोय हा." 'हा' म्हणजे मी. समोरच्या बाईंनी चुकचुक केली. "थकलेलं पुढे ओढत राहिलं तर चक्रवाढीने जवळजवळ ४३ होतात. आणि भरतो काय, तर मिनिमम. थकबाकीच्या ५ टक्के. नवीन काहीही घेतलं नाही तरी देणं निम्मं व्हायला ३२ महिने."

"मग पूर्ण फिटायला ६४?" गाल सुजलेल्या एका शाळकरी पोराने विचारलं.

"नाही बाळ. पुढच्या ३२ महिन्यांत उरलेल्याचं निम्मं."

"मग संपतं कधी?"

काकांनी माझ्याकडे पाहिलं. पोरानेही पाहिलं. त्याचा सुजलेला गालही मला सहानुभूती दाखवत होता.

धनको आणि ऋणको हे शब्द ज्याने पाडले त्याला माझा दंडवत. ऐकताना जुळी भावंडं वाटतात, एकाच झबल्यातली. प्रत्यक्षात एकाची रिंग वाजली की दुसऱ्याच्या पोटात गोळा येतो. आणि सावकारातला साव म्हणजे तर सज्जन. मग उरलेला कोण, ते भाषेनेच ठरवून ठेवलंय. बॅबिलोनच्या हम्मुराबी राजाच्या कायद्यात, म्हणजे पावणेचार हजार वर्षांपूर्वी, धान्याच्या कर्जावर साधारण ३३ टक्के व्याज असे आणि चांदीच्या कर्जावर २०. वादळाने किंवा दुष्काळाने पीक बुडालं तर कर्जदाराने त्या वर्षी धान्य द्यायचं नाही, त्या वर्षाचं व्याजही नाही, कराराची मातीची पाटी पाण्याने भिजवायची. काय माणूस होता! माझं स्टेटमेंट पासवर्ड लावलेल्या पीडीएफमध्ये येतं. भिजवणार काय? त्यात मिनिमम ड्यू ठळक अक्षरांत आणि व्याजदर मुंगीला चष्मा लावून वाचावा लागेल असा. कार्ड गळ्यात मारताना रोज गोड आवाजात फोन यायचे, तेव्हा ३२ महिन्यांचं गणित एकीनेही सांगितलं नाही. आता दात दुखत असताना सांगतात, तेही चारचौघांत, तेही परका माणूस. राग कशाचा येतो, तर गणित बरोबर होतं याचा. रात्री घरी मी ते तीनदा करून पाहिलं.

असो. इकडे फोनमधला आवाज एकदम हळू झाला होता. "काका, एक विचारू? माझं बाइकचं लोन आहे. १२ टक्के."

"फ्लॅट की रिड्यूसिंग?"

"फ्लॅट असावं."

"किती वर्षं?"

"तीन."

काका हळहळले. माझ्या वेळी हळहळले नव्हते. "अरे, फेडलेल्या मुद्दलावरही तू शेवटच्या हप्त्यापर्यंत व्याज देतोयस. रिड्यूसिंगने, म्हणजे उरलेल्या मुद्दलावरच व्याज, असं धरलंस तर २१च्या वर गेलं ते." मग त्याच्या घरी कोण कोण कमावतं, मुदतीआधी फेडलं तर दंड किती, करारपत्र आहे कुठे, अशी रीतसर चौकशी झाली. माझ्या फोनवर, माझ्या बॅटरीवर, माझ्या चिठ्ठीच्या उरल्यासुरल्या कोपऱ्यात त्याचा हिशेब. समोरच्या बाई म्हणाल्या, "बिचारा! नोकरी तरी कसली करावी लागते पोराला."

एवढ्यात माझा नंबर पुकारला. चिठ्ठी दाखवा म्हणाले. चिठ्ठीवर व्याज होतं.

आत डॉक्टरांनी रूट कॅनाल सांगितलं. बाहेर येऊन काउंटरवर खर्चाचा कागद पाहिला आणि दुसरी दाढही ठणकायला लागली. काउंटरवरची मुलगी हसून म्हणाली, "काळजी करू नका सर, नो कॉस्ट ईएमआय आहे."

मागून, माझा फोन अजून कानाजवळ धरून, काका ओरडले, "प्रोसेसिंग फी विचार!"

विचारली. आहे.