रेंज सगळे विचारतात, सॉकेटचं कोणीच विचारत नाही

आज पुन्हा तोच व्हिडिओ. इलेक्ट्रिक पिकअपच्या मागे उंच ट्रेलर जोडायचा, हायवेला पळवायचा, बॅटरी अर्ध्या वाटेत संपली की "बघा, सांगत होतो ना!" फॅमिली ग्रुपवर लगेच मला टॅग. हो, असा ट्रेलर ओढला की रेंज, म्हणजे एका चार्जमध्ये गाडी जाते ते अंतर, निम्म्यावर येते. थंडीतही घटते. रोज वजन ओढत लांब जाणाऱ्याने ही गाडी घेऊ नये. मान्य, विषय संपला.

पण घरी चार्ज कशावर करतोस, हे तुमच्यापैकी एकाने तरी विचारलंय?

दादाच्या गॅरेजमधला सॉकेट वितळला होता, आठवतंय ना? प्लग आतच चिकटून बसला होता. रात्री वहिनीला जळका वास आला म्हणून वाचले सगळे. वरच्या खोलीत मुलं झोपलेली! बसवणारा म्हणाला होता, "इलेक्ट्रिक शेगडीला चालतो, मग गाडीला का नाही चालणार?" अरे, शेगडी तासाभरात बंद होते. गाडी रात्रभर 32 अँपिअर ओढत बसते. स्क्रू जरा सैल राहिला की तिथे उष्णता साचते, आणि प्रवाह दुप्पट झाला की उष्णता चौपट होते. अमेरिकेतल्या वायरिंगच्या नियमात सलग चालणारा भार ब्रेकरच्या, म्हणजे प्रवाह जास्त झाला की वीज तोडणाऱ्या स्विचच्या, क्षमतेच्या 80 टक्क्यांवर ठेवतात तो उगाच नाही. 60 अँपिअरच्या ब्रेकरवर 48 च. आणि यांनी काय केलं? दुकानातला सगळ्यात स्वस्त सॉकेट उचलला. अजून डोकं तापतं माझं.

त्यात पिकअपच्या बॅटऱ्या अवाढव्य. फोर्डच्या एफ-150 लायटनिंग पिकअपची मोठी बॅटरी 131 किलोवॉट-तासांची, अधिकृत रेंज 320 मैल, म्हणजे साधारण 515 किलोमीटर. अमेरिकेतल्या साध्या 120 व्होल्टच्या प्लगवर ती रिकामी असेल तर भरायला चार-पाच दिवस जातील. 240 व्होल्टवर 48 अँपिअर मिळाले तर संध्याकाळी लावा, सकाळी तयार. हे ज्याच्या घरी आहे त्याला रोजच्या वापरात रेंजची आठवणही येत नाही. माझं तेच झालंय, म्हणून इतकं पोटतिडकीने लिहितोय.

जुन्या घरात विजेचं पॅनल बदलायचा खर्च निघू शकतो, आणि भाड्याच्या घरात तर हे जमणंच अवघड, तेही कबूल. पण चार्जरचे अँपिअर कमी करून ठेवता येतात. सावकाश भरेल, भरू दे.

दादाकडे आता चार्जर थेट वायरने जोडलाय, मध्ये सॉकेटच नाही. तरी वहिनी अजून झोपण्याआधी गॅरेजमध्ये डोकावून येते. तिला काय सांगणार?

ज्यांची गाडी सॉकेटवर चार्ज होते त्यांनी आज चार्जिंग सुरू करून तासाभराने प्लगला बाहेरून हात लावून बघा. कोमट असेल तर ठीक. चटका बसला तर आधी गाडीतून चार्जिंग बंद करा, ब्रेकर पाडा आणि मला फोन करा. कितीही वाजलेले असू देत.