हरकती मागवता, मग उत्तर का देत नाही?

पुन्हा एका सरकारी नियमाच्या मसुद्याची जाहीर सूचना आली. पुन्हा तेच वाक्य: 'हरकती व सूचना असल्यास तीस दिवसांच्या आत लेखी कळवाव्यात.' हे वाक्य वाचलं की आता माझं डोकंच फिरतं. कळवलं होतं की! मागच्या वेळीही, त्याच्या आधीही. काय झालं त्याचं?

आमच्यासारख्या छोट्या कारखानदाराला एक हरकत लिहायला काय लागतं, याची मसुदा काढणाऱ्यांना कल्पना तरी आहे का? दिवसभर कामगार, कच्चा माल, जीएसटी, बँक. रात्री जेवण झाल्यावर दोनशे पानांचा मसुदा उघडायचा, तोही इंग्रजीत. फाईल स्कॅन केलेली, म्हणजे एखादा शब्द शोधायचा तर पान न् पान चाळायचं. कुठल्या कलमाने आपला खर्च वाढणार हे समजून घ्यायला सीएची मनधरणी करायची. मग स्वतःची बिलं काढून हिशेब मांडायचा. शेवटच्या दिवशी पोर्टल फाईल घेत नाही, दिलेला ईमेल परत येतो, कारण तिकडचा मेलबॉक्स भरलेला. तरीही पाठवतो आम्ही. आणि काही महिन्यांनी अंतिम अधिसूचना येते ती मसुद्याचीच प्रत. आमचा मुद्दा चुकीचा होता? असेलही. मग तसं लिहा ना! 'तुमचा हिशेब या कारणाने मान्य नाही' एवढी एक ओळ लिहा. पण 'प्राप्त सूचना विचारात घेऊन' या चार शब्दांत सगळ्यांची बोळवण होते.

आणि हे जमत नाही असं कुणी सांगू नये. जमतं. दूरसंचार नियामक, म्हणजे ट्राय, चर्चापत्र काढतं, आलेली मतं संकेतस्थळावर टाकतं, त्या मतांवरची प्रतिमतंही घेतं, आणि नियम करताना कारणं लिहून देतं. 2015 मध्ये इंटरनेट समानतेच्या, म्हणजे कंपन्यांनी सगळ्या संकेतस्थळांना सारखंच वागवावं या प्रश्नावर ट्रायकडे 10 लाखांहून जास्त ईमेल गेले होते. तेव्हा लोकांचे ईमेल पत्तेसुद्धा जसेच्या तसे जाहीर करून टाकले, तो निष्काळजीपणा संतापजनकच होता. पण 8 फेब्रुवारी 2016 ला भेदभावाच्या डेटा दरांवर, म्हणजे वेगवेगळ्या संकेतस्थळांसाठी वेगवेगळे दर लावण्यावर बंदी घालणारा नियम आला, कारणांसह आला. लोकांनी लिहिलं आणि फरक पडला. मग बाकीच्यांना काय अडचण आहे?

उलट काय चाललंय बघा. व्यक्तिगत डेटा संरक्षणाच्या नियमांचा मसुदा 3 जानेवारी 2025 ला आला. त्यात आधीच सांगून टाकलं की आलेल्या सूचना उघड केल्या जाणार नाहीत. का? मोठ्या कंपन्यांनी कुठली सवलत मागितली, कुठलं कलम पातळ करायला सांगितलं, हे मला का कळू नये? नियम तर माझ्यावरही लागू होणार आहे. कंपन्यांकडे वकिलांची फौज आहे, दिल्लीत उठबस आहे, त्यांचं म्हणणं पोहोचवायला त्यांना पोर्टल लागत नाही. आमच्याकडे तेवढं एकच दार आहे, आणि त्या दारापलीकडे काय होतं ते गुप्त!

भाषेचं तर बोलायलाच नको. 2020 चा पर्यावरणीय परिणाम मूल्यांकनाचा, म्हणजे प्रकल्पाला परवानगी देण्याआधी त्याचा पर्यावरणावरचा परिणाम तपासण्याच्या नियमांचा मसुदा ऐन टाळेबंदीत आला, फक्त इंग्रजी आणि हिंदीत. ज्याच्या शेताशेजारी खाण किंवा कारखाना येणार, त्या माणसाने तो कसा वाचायचा होता? 30 जून 2020 ला दिल्ली उच्च न्यायालयाने मुदत 11 ऑगस्टपर्यंत वाढवली आणि राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या 22 भाषांत भाषांतर करायला सांगितलं. तर पर्यावरण मंत्रालय त्या आदेशाविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेलं! लोकांना त्यांच्या भाषेत मसुदा द्यावा लागू नये म्हणून सरकारने वकील उभे केले. मला हे आजही सहन होत नाही.

आता वीजदर. विद्युत कायदा 2003 च्या कलम 64 मध्ये स्पष्ट लिहिलंय की दर ठरवताना जनतेच्या सर्व सूचना आणि हरकती विचारात घ्यायच्या. राज्य वीज नियामक आयोगाच्या आदेशात निदान हरकत, त्यावर वीज कंपनीचं उत्तर आणि आयोगाचं मत असं छापलेलं सापडतं, हे मी मान्य करतो. पण 28 मार्च 2025 चा महावितरणचा दर आदेश आठवा. दर उतरणार म्हणून लोक खूश झाले, आणि काही दिवसांत त्या आदेशालाच स्थगिती. मग 25 जूनला फेरविचार होऊन नवा आदेश, 1 जुलैपासून नवे दर. वर्षाचं गणित मांडून बसलेल्या यंत्रमागवाल्याने कुठल्या आदेशावर विश्वास ठेवायचा? हरकत लिहायला आणि सुनावणीला जायला त्याचा कामाचा दिवस बुडालेला असतो, तो कोण भरून देणार?

अधिकारी म्हणतात, एकाच मजकुराचे हजारो मेल येतात, प्रत्येकाला काय उत्तर देणार. प्रत्येकाला नकाच देऊ. सारखे मुद्दे एकत्र करा आणि मुद्द्याला उत्तर द्या. केंद्र सरकारचं स्वतःचंच 2014 चं धोरण आहे: कायद्याचा मसुदा किमान 30 दिवस जनतेसमोर ठेवायचा, आणि आलेल्या प्रतिसादाचा सारांश मंत्रालयाच्या संकेतस्थळावर टाकायचा. किती मसुद्यांच्या बाबतीत तो सारांश तुम्हाला दिसला? धोरण आहे, कायदा नाही, म्हणून पाळलं नाही तरी कुणाला जाब विचारता येत नाही. मे 2016 मध्ये कॉल ड्रॉपच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने संसदेला सुचवलं होतं की नियम करण्याआधी लोकांचं म्हणणं ऐकणं आणि कारणं देणं बंधनकारक करणारा कायदा करा. अजून त्याचा पत्ता नाही.

आणि माहिती अधिकार कायदा 2005, कलम 4, पोटकलम 1, खंड ड: निर्णयाची कारणं बाधित व्यक्तींना स्वतःहून द्यायची. अर्ज न करता. वीस वर्षं झाली हा कायदा होऊन. यावेळी हरकतीच्या पहिल्याच परिच्छेदात मी हे कलम लिहिणार आहे, आणि अधिसूचना निघाली की कारणांची मागणीही लेखी करणार आहे. तुम्हीही करा. दर, सेस, परवाना, अंतर, क्षमता, जे काही तुमच्या धंद्यावर लादलं जाईल त्याचं कारण कागदावर मागा, आणि पोहोच घेतल्याशिवाय टेबलावरून हलू नका.