‘मरीन प्लाय आणा, सिलिकॉन मारा, झालं’ हे का चालत नाही

घरच्या घरी कॅम्पिंग ट्रेलर बांधणाऱ्यांमध्ये सध्या एक सल्ला हातोहात फिरतोय: मरीन प्लाय आणा, लोखंडी चौकटीवर सिलिकॉननेच चिकटवा, सगळ्या सांध्यांवर बाहेरून सिलिकॉनची जाड रेघ ओढा, वर पारदर्शक पॉलिशचा हात मारा, मग दहा वर्षं बघायला नको. मी हे सगळं तसंच केलं होतं. कोकणातल्या पावसात चार-चार महिने उघड्यावर उभ्या राहणाऱ्या ट्रेलरला ते पुरत नाही, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

‘मरीन प्लायला पाणी लागत नाही.’ मरीन प्लाय घ्याच, त्याबद्दल वाद नाही. पण त्यावरचा आयएस ७१० चा, म्हणजे मरीन प्लायसाठीच्या भारतीय मानकाचा, शिक्का कशाची हमी देतो ते समजून घ्या. ७२ तास उकळत्या पाण्यात ठेवून तपासतात ते थरांमधला डिंक सुटतो का, हे. डिंक टिकतो, लाकूड मात्र लाकूडच राहतं. ते पाणी पितं ते मुख्यतः कापलेल्या कडेतून, कारण तिथे शिरांची तोंडं उघडी असतात. दुसऱ्या पावसाळ्यानंतर माझ्या ट्रेलरचा मागचा खालचा कोपरा मऊ लागला. पटाशीचं टोक टेकवलं, तर काळं पडलेलं लाकूड भिजल्या पुठ्ठ्यासारखं निघून आलं. आत डिंकाचे तपकिरी पापुद्रे तेवढे कडक उभे होते. डिंकाने आपलं काम चोख केलं होतं.

‘बाहेरून सिलिकॉन ओढलं की पाणी आत जात नाही.’ सगळ्यात जास्त नुकसान या समजुतीने होतं. त्याच कोपऱ्यावरची सिलिकॉनची रेघ पूर्ण शाबूत होती, एक चीर नव्हती. पाणी शिरलं होतं वरच्या बिजागरीच्या स्क्रूमधून. ते पॅनेलच्या मागून खाली उतरलं आणि तळाच्या रेघेशी येऊन अडलं. बाहेर पडायची वाट मीच बुजवली होती. त्यामुळे आता मी वरचे आणि उभे सांधे बंद करतो, पण पॅनेलची खालची कड मोकळी सोडतो. ती चौकटीच्या खाली बोटभर उतरवतो, म्हणजे जुन्या घरांच्या वळचणीसारखी पागोळी बाहेरच गळते.

कडांचं काम पॅनेल बसवण्याआधी करायचं, नंतर तिथे ब्रश पोचत नाही. प्रत्येक कापलेली कड, खिडकीचं भोक, दिव्याच्या वायरीचं भोक, सगळीकडे पातळ इपॉक्सी (दोन भाग मिसळले की कडक होणारं रसायन) लावायचं. पहिला हात लाकूड पिऊन टाकतं, म्हणून दुसरा. आणि कड चकचकीत दिसेपर्यंत लागला तर तिसराही. स्क्रूसाठी आधी मोठं भोक पाडून ते घट्ट इपॉक्सीने भरायचं, वाळल्यावर त्याच्या मधोमध बारीक भोक पाडायचं. मग स्क्रू लाकडाला शिवतच नाही. पाच मिनिटांच्या कामाचा अर्धा दिवस होतो, हे खरं. माझा मात्र पूर्ण मागचा पॅनेल बदलण्यात आठवडा गेला.

‘सिलिकॉनने चिकटवलं की स्क्रू नकोत.’ व्हिनेगरसारखा वास येणारं साधं सिलिकॉन वाळताना अॅसिटिक आम्ल सोडतं. उघड्या लोखंडावर त्याच्याखाली गंज धरतो. शिवाय त्यावर रंग बसत नाही आणि पुढे दुरुस्तीला नवं सिलिकॉनही जुन्यावर नीट धरत नाही. चौकट आधी प्रायमर मारून घ्या, चिकटवायला पीयू (पॉलियुरेथेन) सीलंट वापरा आणि जोडीला स्टेनलेसचे स्क्रू. कोपऱ्यावरच्या अॅल्युमिनियम पट्टीखाली ब्युटाइल टेप, म्हणजे मऊ चिकट रबरी पट्टी, हवी. ८ फुटी पट्टी तापमानातल्या ४० अंशांच्या फरकाने सुमारे २ मिलिमीटर लांबते, खालचा प्लाय जवळजवळ हलत नाही. ही ओढाताण सोसायला मधे मऊ काहीतरी लागतं. कडक झालेली भरणी तिथे तडकते.

‘पारदर्शक पॉलिश पुरेसं आहे.’ घरातल्या कपाटाला पुरतं. उन्हात अतिनील किरण पॉलिशमधून आरपार जाऊन खालच्या लाकडाचा वरचा थरच कमकुवत करतात, मग पॉलिश पापुद्र्यांनी सुटतं. इपॉक्सीही उन्हात पिवळं पडतं, त्यावर काही ना काही लागतंच. लाकडाचे नक्षीदार रंग दिसावेत असं फार वाटत असेल, तर बाहेरच्या वापराचं अतिनीलरोधक वॉर्निश घ्या आणि ते वरचेवर द्यायची तयारी ठेवा. मी छताला आणि पुढच्या तोंडाला पांढरा रंग दिला, फक्त दोन्ही बाजू लाकडी ठेवल्या.

आणि ‘दहा वर्षं बघायला नको’? पावसाळ्यात कोकणातली होडी किनाऱ्यावर ओढतात, फटी तपासतात, रंग देतात. पिढ्यान्‌पिढ्या लाकूड पाण्यात घालणारी माणसं हे करतात, तर ट्रेलरला सूट कशी मिळेल? मी मे महिन्यात स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीने खालच्या कडेवर वीतभर अंतराने ठोकत जातो. कोरडं लाकूड ‘टक्’ वाजतं. जिथे आवाज बसका येतो, तिथला स्क्रू काढून भोकात काडी घालून बघतो.