सिमल्यात ९३ हजार कैदी सोडलेच नव्हते

१६ डिसेंबर आला की आमच्या घरच्या ग्रुपवर तो मेसेज येतोच. यंदा भावोजींनी टाकला. मी नेहमीसारखा सोडून दिला असता, पण रात्री भाच्याचा फोन आला. दहावीत आहे, इतिहासाच्या भाषणाची तयारी चालली होती. "मामा, इंदिरा गांधींनी खरंच एका रात्रीत सगळे सोडले? भाषणात घालू का?"

नको घालूस. का नको, ते इथेच लिहितो, म्हणजे भावोजींनाही पाठवता येईल.

मेसेज थोडक्यात असा: १९७१ साली आपण ९३ हजार पाकिस्तानी सैनिक पकडले. सिमल्यात एका रात्रीत ते फुकट सोडले, जिंकलेली सगळी जमीनही परत दिली. कैदी अडवून धरले असते तर पाकव्याप्त काश्मीर तेव्हाच मिळालं असतं. आपले ५४ जवान मात्र तिकडेच सडले. शेवटी तिरंगे, हात जोडलेले, आणि 'खरा भारतीय असाल तर पुढे पाठवा'.

सिमला करार २ जुलै १९७२ चा. मोजकी कलमं आहेत, चहा गार व्हायच्या आत वाचून होतो. त्यात कैद्यांची सुटका कुठेच नाही. सहाव्या कलमात एवढंच आहे की कैद्यांना मायदेशी धाडण्याच्या आणि इतर प्रश्नांवर दोन्ही बाजूंचे प्रतिनिधी पुढे भेटून बोलतील. बस्स. पाकिस्तानचे तेव्हाचे अध्यक्ष भुट्टो सिमल्याहून परतले तेव्हा पूर्व पाकिस्तानात, म्हणजे आजच्या बांगलादेशात, पकडलेले हे सगळे कैदी आपल्याच छावण्यांत होते आणि पुढे वर्षभराहून जास्त काळ तिथेच राहिले. त्यांच्या सुटकेचा करार झाला दिल्लीत, २८ ऑगस्ट १९७३ ला. तिथल्या पाकिस्तानी फौजेचे प्रमुख जनरल नियाझी वाघा ओलांडून गेले ते एप्रिल १९७४ मध्ये. केवढी लांबलेली 'एक रात्र'!

आणि ९३ हजार 'सैनिक'ही नव्हते. बहुतेक गणवेशातले होते हे खरं, पण त्या आकड्यात सरकारी नोकर आणि बायकापोरंही धरलेली आहेत.

मला खरी चीड येते ती 'अडवून धरले असते तर' या वाक्याची. मेसेजसोबत फोटो आहे, तोच प्रसिद्ध: ढाक्याचं रेसकोर्स मैदान, टेबलावर वाकून सही करणारे नियाझी, शेजारी आपले जनरल अरोरा. भावोजी, त्या टेबलावरचा कागद कधी वाचलात? पहिल्याच वाक्यात आहे की शरणागती 'भारतीय आणि बांगलादेशी सैन्यांचे' पूर्व आघाडीवरचे प्रमुख म्हणून अरोरांकडे दिली जात आहे. म्हणजे कैदी एकट्या भारताचे नव्हतेच. बांगलादेशाला विचारल्याशिवाय ते सोडता येणार नाहीत, हीच आपली भूमिका होती, आणि पाकिस्तान तर तेव्हा बांगलादेशाला देश म्हणूनही मानत नव्हता. घोडं अडलं होतं ते तिथे. बांगलादेशाचे पंतप्रधान मुजीब यांना त्यातल्या १९५ जणांवर युद्धगुन्ह्यांचे खटले चालवायचे होते. उलट भुट्टोंच्या ताब्यात पश्चिम पाकिस्तानात अडकलेले लाखभराहून जास्त बंगाली होते. १९७३ च्या करारात म्हणूनच तीन बाजूंची माणसं एकदम हलली. पाकिस्तानने बांगलादेशाला मान्यता दिली फेब्रुवारी १९७४ मध्ये, आणि एप्रिलमध्ये ते १९५ खटलेही सोडून दिले गेले. त्यावर ज्याला रागवायचं त्याने जरूर रागवावं, पण तो राग ढाक्यातल्या माणसाचा आहे. आपल्या मेसेजमध्ये तर ढाक्याचं नावसुद्धा नाही.

त्याच कागदावर खाली अरोरांनी हमी दिली आहे की शरण आलेल्यांना जिनिव्हा कराराप्रमाणे सन्मानाने वागवलं जाईल. आणि तो करार सांगतो की लढाई थांबली की कैदी विनाविलंब सोडायचे. म्हणजे आपल्यावर तेव्हा टीका होत होती ती कैदी लांबवल्याची, आणि मेसेजवाले बोंब मारतायत घाईची! कैद्यांच्या बदल्यात भूभाग मागणं म्हणजे आपल्याच जनरलच्या सहीवर थुंकणं. विजय दिवसाला नेमकं तेच करायचंय का?

गंमत म्हणजे लाहोरकडे हीच गोष्ट कौतुकाने सांगतात: भुट्टो रिकाम्या हातांनी गेले आणि सगळं परत घेऊन आले. मजकूर तोच, फक्त इकडे शिव्या, तिकडे टाळ्या.

आता जमीन. आंतरराष्ट्रीय सीमेपलीकडची परत दिली, सिंधमधलं थरपारकर वगैरे. जम्मू-काश्मीरमध्ये मात्र ज्याने जे घेतलं ते त्याच्याकडे राहिलं. लडाखमधलं तुर्तुक आज आपल्या नकाशात आहे ते त्यामुळेच. जम्मूकडचं छांब तिकडे गेलं तेही त्यामुळेच. तेव्हा 'सगळी जमीन' हे खोटं.

एक गोष्ट मात्र नाइलाजाने मान्य करतो. ताबारेषेचीच पुढे हळूहळू सीमा करायची असं भुट्टो तोंडी कबूल झाले होते, असं इंदिराबाईंचे सचिव पी. एन. धर यांनी नंतर लिहिलं. लेखी काही नव्हतं, आणि भुट्टोंच्या शब्दाची किंमत पुढे कळलीच. जमिनीचा व्यवहार तोंडी करू नये हे आमच्या गावचा तलाठीही सांगेल.

आणि ते ५४. पश्चिम आघाडीवरचे आपले सहाशेहून जास्त कैदी डिसेंबर १९७२ मध्ये परत आले, त्यामुळे 'कुणीच आलं नाही' असं कुणी म्हणू नये. पण हे ५४ आले नाहीत, हे खरं आहे. २००७ साली त्यांचे नातेवाईक पाकिस्तानातल्या तुरुंगांत शोधत फिरले आणि हात हलवत परतले. मेसेजमध्ये त्यांच्या वाट्याला एक ओळ आली आहे, तिरंग्यांच्या जरा वर. भाच्याला म्हटलं, भाषणात काही घालायचंच असेल तर हे घाल.