कोंबडा नेमका कोणाचा?

लिस्बनच्या बेलें भागात, तेजू नदीच्या काठी उभे असलेले शोधमोहिमांचे प्रचंड दगडी स्मारक गोव्याहून येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला मला दाखवावेच लागते. राजपुत्र हेन्रीच्या मागे ओळीने उभ्या असलेल्या मूर्तींत वास्को द गामा, गोवा जिंकणारा आल्बुकेर्क आणि आपल्या जुन्या गोव्याचा फ्रान्सिस झेवियरही सापडतो. हे सारे सोळाव्या शतकातले असावे, असे बहुतेकांना वाटते. प्रत्यक्षात 1940 च्या प्रदर्शनासाठी ते तात्पुरते उभारले होते आणि आजचे पक्के बांधकाम 1960 चे, म्हणजे गोवामुक्तीच्या आदल्याच वर्षाचे आहे. समोरच्या फरशीवरचे भव्य दिशाचक्र तर त्या काळच्या वर्णद्वेषी दक्षिण आफ्रिकेने दिलेली भेट. साम्राज्य हातून निसटत असताना पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याच्या राजवटीने दगडात कोरून घेतलेली ती जाहिरात होती.

प्रचार चिन्हाचा आकार बदलत नाही. त्याचे बाकीचे अर्थ ऐकू येईनासे करतो. पोर्तुगालच्या ध्वजावरचा गोल मुळात आकाशातली वर्तुळे दाखवणारे उपकरण. राजा मानुएल पहिला याने ते आपले चिन्ह केले, आणि राजेशाही उलथवणाऱ्या प्रजासत्ताकाने 1911 मध्ये ते राष्ट्रध्वजावर घेतले. पुढे 1951 मध्ये वसाहतींना ‘सागरपार प्रांत’ म्हणण्याचे ठरले आणि तोच गोल अखंड साम्राज्याची ग्वाही देऊ लागला. डिचोलीच्या पोर्तुगीज शाळेत शिकलेल्या माझ्या वडिलांना त्यात खगोलशास्त्र कधीच दिसले नाही. त्यांना पोलीस दिसत. (स्वस्तिकाचे उदाहरण आपल्याकडे लगेच दिले जाते, म्हणून इतकेच सांगतो की नाझी पक्षाने 1920 मध्ये ते उचलल्यानंतरच्या 25 वर्षांत जे घडले, ते आईच्या उंबऱ्यावरच्या रांगोळीने युरोपात पुसले जाणार नाही.)

मला अधिक बोलायचे आहे ते कोंबड्याबद्दल. लाल तुऱ्याचा, काळ्या अंगावर रंगीत नक्षी असलेला बार्सेलुशचा कोंबडा इथल्या प्रत्येक दुकानात असतो. बार्सेलुश हे कुंभारांचे गाव, आणि फाशीची शिक्षा झालेल्या निरपराध माणसासाठी भाजलेला कोंबडा आरवल्याची तिथली दंतकथाही जुनी. मात्र त्याला अख्ख्या देशाचे प्रतीक करण्यात मोठा वाटा आंतोनियु फेर्रू यांचा. 1933 मध्ये सालाझारने स्थापलेल्या राष्ट्रीय प्रचार सचिवालयाचे ते प्रमुख होते, आणि साधा, श्रद्धाळू, समाधानी खेडूत हीच पोर्तुगालची प्रतिमा त्यांना जगापुढे ठेवायची होती. त्या खेडुताच्या दारिद्र्याबद्दल अर्थातच कोंबडा काही बोलत नाही.

आता गोव्याकडे पाहू. 2023 मध्ये मुख्यमंत्री प्रमोद सावंत यांनी पोर्तुगीजांच्या खुणा पुसून टाकण्याची भाषा केली, तेव्हा उलट बाजूने त्या खुणा म्हणजेच आमची ओळख असे उत्तर आले. इथे बसून तो वाद वाचताना मला जाणवले ते असे की दोन्ही पक्षांनी सालाझारचाच अर्थ मान्य केला आहे. एकाला तो नकोसा आहे, दुसऱ्याला हवाहवासा, एवढाच फरक. गोव्यात आमच्या शेजारच्या जुन्या घराच्या कौलांवर मातीचा कोंबडा आहे. गोव्याच्या मातीचा, गोव्याच्या कुंभाराने भाजलेला. त्याला ‘पोर्तुगीज’ म्हणून जपणारा आणि ‘पोर्तुगीज’ म्हणून उतरवू पाहणारा, दोघेही त्या कुंभाराला विसरतात.

सगळेच जिथल्या तिथे राहू द्यावे, असे मी म्हणत नाही. पणजीच्या आझाद मैदानावरच्या मंडपातून आल्बुकेर्कचा पुतळा जुन्या गोव्याच्या संग्रहालयात हलवला गेला, हे योग्यच झाले. विजेत्याचा पुतळा चौकात उभा असतो तो हुकूम म्हणून, आणि संग्रहालयात त्याच्याबद्दल प्रश्न विचारता येतात. कौलांवरच्या कोंबड्याने मात्र कोणाला हुकूम दिल्याचे मला ठाऊक नाही.

गेल्या महिन्यात आलेल्या मावसभावाला फेर्रूंची ही सारी हकिगत मी दुकानाच्या दारातच ऐकवली. त्याने शांतपणे ऐकून घेतली आणि दोन कोंबडे विकत घेतले, एक स्वतःसाठी आणि एक आमच्या आईसाठी. आईने तो देवघराशेजारच्या फळीवर ठेवला असून, फोनवर ती म्हणाली की तुरा जरा जास्तच लाल आहे.